वर काही लागत नाही

३ मार्च, सोमवार

‘‘एकदा वर चढलं ना, की माणसाला खालचं काही लागत नाही.’’

बाबा हे म्हणाले तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन. बंदराच्या यार्डाच्या फाटकापाशी त्यांचा डबा घेऊन उभी होते. त्यांच्या क्रेनची केबिन इतकी उंच, की बघता बघता मान दुखायची. मी विचारलं होतं, ‘‘बाबा, वर शू लागली तर?’’ त्यावर हे उत्तर. मग हसले, माझ्या डोक्यावर टपली मारली, आणि एका हातात डबा, दुसऱ्या हातात त्यांची ती हिरवी बाटली घेऊन शिडीकडे निघाले. बाटलीला मला हात लावू देत नसत. आईही ती मागच्या नळावर वेगळी घासायची. मला वाटायचं, त्यात काहीतरी फार मोलाचं औषध असणार.

आज दिवसभर ते वाक्य डोक्यात घोळत होतं, कारण आज मला, त्याच यार्डातल्या माझ्या क्रेनवर, वर असताना लागली. सकाळी घरीच जाणवलं होतं. लघवी संपता संपता असं जळलं की दाराची कडी धरून उभी राहिले. मग वर चढले, आणि दोन-तीन कंटेनर उचलून होतात न होतात तोच पुन्हा. केबिनची फरशी काचेची आहे, खालचं दिसावं म्हणून. त्या काचेतून मला ट्रकांची रांग दिसत होती आणि मी पायावर पाय दाबून बसले होते.

उतरायचं म्हणजे आधी हुक मोकळा करायचा, सगळी शिडी उतरायची, यार्ड ओलांडून ऑफिसच्या इमारतीत जायचं, कारण बायकांचं स्वच्छतागृह तिथं एकच. परत येईपर्यंत रांग फाटकाबाहेर जाते आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवून गाव गोळा करतात. खुर्चीवर बसून तीन महिने झाले, मधेच उतरले असं अजून एकदाही झालेलं नाही. पहिल्याच दिवशी साहेब सगळ्यांसमोर म्हणाले होते, ‘‘यांचे वडील ड्यूटी संपल्याशिवाय कधी उतरले नाहीत. रक्तातच आहे यांच्या.’’ टाळ्या पडल्या. मीही हसले. स्टोअरमधल्या दोघींनी क्रेनसाठी अर्ज केलेत, त्यांना साहेबांनी सांगितलंय, ‘‘आधी ताईंचं बघू, मग तुमचं.’’

म्हणजे मी एकटी वर बसत नाही. त्या दोघी माझ्या मांडीवर बसलेल्या असतात.

उपाय सोपा आहे. सकाळचा चहा बंद. पाणी घरी आल्यावर.

५ मार्च, बुधवार

लागते लागते म्हणून धावावं, तर चार थेंब. आणि तेही मिरची लावल्यासारखे. उठते तोच वाटतं, राहिलीय अजून.

संध्याकाळी औषधाच्या दुकानात गेले. काउंटरवर तिघे पुरुष रेलून उभे. दुकानदार लांबूनच ओरडला, ‘‘बोला ताई, काय देऊ?’’ मी खोकल्याच्या गोळ्या मागितल्या.

मला खोकला नाही.

नवरा जाऊन सहा वर्षं झाली. अशा बाईनं असल्या ठिकाणच्या जळजळीचं औषध मागितलं की लोकांच्या भुवया कुठवर जातात, ते मला ठाऊक आहे. घरी येऊन एक गोळी चघळली. लिंबाची होती. चव बरी आहे.

६ मार्च, गुरुवार

कपाटात बाबांच्या दाढेच्या वेळच्या चार गोळ्या उरलेल्या सापडल्या. जंतूंच्याच गोळ्या. दाढेतला जंतू काय नि इथला काय, जंतू तो जंतू. एक आता घेतली.

बाबा दारात येऊन उभे. ‘‘काय उचकतेयस?’’

‘‘डोकं दुखतंय जरा.’’

‘‘झोप नीट होत नसेल. संध्याकाळनंतर पाणी पिऊ नकोस. मी बघ, सूर्य मावळला की घोटसुद्धा घेत नाही. तरी मेली दहादा उठवतेच.’’

‘‘कोण उठवते?’’

‘‘झोप गं. म्हातारपणाची झोप.’’

९ मार्च, रविवार

बरी झाले! काल कमी होतं, आज जवळजवळ नाहीच. सुट्टी म्हणून घरी होते, सकाळपासून तांब्याभर पाणी संपवलं, हवं तेव्हा उठले, हवं तिथं गेले. किती साधी चैन असते ही. चारही गोळ्या संपल्या. डॉक्टरकडे गेले असते तर उगाच तपासण्या.

बाबांशी मात्र वाजलं. ते बाथरूममध्ये गेले की नळ सोडून ठेवतात आणि बाहेर येतच नाहीत. बादली भरून वाहत असते. आज दारावर थाप मारली.

‘‘बाबा, आत काय धरण बांधताय का?’’

‘‘जरा दम धर! माणसानं निवांत जावं की नाही?’’

‘‘नळ तरी बंद करा.’’

‘‘नळाचा आवाज असला की बरं पडतं मला.’’

बाहेर आले ते घामेजलेले. चिडले होते. मी मनात म्हटलं, म्हातारपणी माणसं लहान मुलांसारखी पाण्यात खेळतात.

११ मार्च, मंगळवार

परत सुरू. या वेळी जास्त. लघवी गढूळ दिसते, वासही वेगळा. सकाळी किंचित गुलाबी वाटली. काल बीट खाल्लं होतं का, आठवून पाहिलं. नव्हतं. बाथरूमचा दिवा पिवळा आहे, त्यामुळेही रंग बदलत असेल.

शिवाय पाठ. उजव्या बाजूला, बरगडीच्या खाली, आतून कुणी अंगठा दाबून धरल्यासारखी. खुर्चीच वाईट आहे. वॉकीटॉकीवरून शिट्टीमामांना सांगितलं. शिट्टीमामा खाली उभं राहून हातांनी खुणा करतात, हुक कुठं न्यायचा, कधी सोडायचा. बाबांच्या काळापासून तेच. आता वॉकीटॉकी आली, तरी गळ्यातली शिट्टी काही सुटलेली नाही.

‘‘मामा, पाठीला एक उशी मिळेल का?’’

‘‘उशी? बरं. लोड नको? पंखा धरायला माणूस पाठवू?’’

‘‘मामा, खरंच दुखतंय.’’

मामांनी खालून केबिनकडे पाहिलं. मग म्हणाले, ‘‘पोरी, सकाळपासून एकदाही खाली आली नाहीस तू.’’

‘‘बाबा यायचे का?’’

त्यावर मामा काहीतरी बोलणार होते. पण ट्रक आला आणि शिट्टी वाजली.

१२ मार्च, बुधवार

केबिनच्या काचेला कुठंतरी फट असावी. उन्हात बसूनही दात वाजत होते. घरी आल्यावर बाबांनी कपाळाला हात लावला. ‘‘तापलीयस. दवाखान्यात जाऊन ये.’’ दमलेय म्हटलं. उद्या दोन मोठ्या बोटींचा माल येणार आहे. उद्याच उतरले तर सगळे म्हणतील, बघा, म्हटलं नव्हतं? परवा जाईन.

जेवले नाही. मळमळतंय.

१५ मार्च, शनिवार

इस्पितळातून लिहितेय. डाव्या हाताला सलाईन आहे, नशीब उजवा मोकळा आहे.

गुरुवारी सकाळी वर चढताना शिडीवर दोनदा थांबले. थंडी अशी भरली होती की जेवणाचा डबा हातात खुळखुळत होता. तरी दहा वाजेपर्यंत ओढलं. मग एक कंटेनर हवेत असताना पोटातून उसळून आलं. डब्याच्या झाकणात उलटी केली. लटकतं ओझं सोडून उठायचं नाही, हा पहिला नियम. बाबांनी मला सायकल शिकवायच्या आधी हा नियम सांगितला होता. खाली माणसं होती. मी दोन्ही हातांनी क्रेनची दांडी धरली, मामांच्या हाताकडे बघत राहिले, आणि ठेवलं. मामा नंतर म्हणाले, अंडं ठेवावं तसं ठेवलंस.

हुक सुटला आणि माझंही सगळं सुटलं. बसल्या जागी कपडे ओले झाले. जळत, थांबत, पुन्हा जळत. पायाखालची काच धूसर झाली. काचेपलीकडे वर बघणारी माणसं होती आणि मला उठता येत नव्हतं. चहूकडे काच, दार एकच, आणि त्या दाराबाहेर फक्त शिडी. इतकी वर्षं ज्या खोलीत जायचं स्वप्न पाहिलं, तिच्यातून बाहेर पडायचा रस्ता मला त्या क्षणी सापडेना. रडले नाही. तेवढं पाणीही अंगात नव्हतं बहुधा.

मामा वर आले. त्या वयात, ती शिडी. धापा टाकत दार उघडलं, एका नजरेत सगळं पाहिलं, स्वतःचा डगला काढून माझ्या कमरेला बांधला. मग म्हणाले, ‘‘अगं, तू बाटली नाही आणत?’’

‘‘कसली बाटली?’’

‘‘बाबांनी नाही सांगितलं? ती हिरवी. आम्हा सगळ्यांना त्यांनीच शिकवलं की, रुंद तोंडाची घ्या, झाकण घट्ट...’’ आणि एकदम दुसरीकडे बघायला लागले. ‘‘तुला कसं शिकवणार म्हणा.’’

तापात माणूस हसू शकतं, हे मला त्यांच्या आधारानं ती शिडी उतरताना कळलं.

१६ मार्च, रविवार

डॉक्टरीणबाई माझ्याहून लहान आहेत, पण बोलतात आजीसारख्या. पहिल्या दिवशीचं आज नीट आठवतंय.

‘‘जळजळ कधीपासून?’’

‘‘दहा-अकरा दिवस.’’

‘‘आणि आता जंतू मूत्रपिंडापर्यंत पोचल्यावर आलात. मुहूर्त बघत होतात?’’

‘‘मधे गोळ्या घेतल्या होत्या. बरं वाटलं होतं.’’

‘‘कुणी दिल्या?’’

‘‘घरात होत्या. बाबांच्या, दाढेच्या.’’

त्यांनी पेन खाली ठेवलं. रागावल्या नाहीत, त्यामुळे जास्त वाईट वाटलं. म्हणाल्या, अर्धवट गोळ्यांनी जंतू मेले नाहीत, नुसते दबले, आणि उरले ते चिवट. आता लघवी तपासून कोणतं औषध चालतं ते बघायचं, आणि ते ठरल्या दिवसांपर्यंत घ्यायचं, बरं वाटलं तरी.

मग त्यांनी नवऱ्याबद्दल विचारलं. मी म्हटलं, ‘‘नाहीत ते. आणि तसलं काही नाही माझं.’’

‘‘तसलं म्हणजे कसलं? संबंधांतून येणारे काही आजार असतात, त्यांचं औषध वेगळं असतं, म्हणून सगळ्यांनाच विचारते. तुमचं चारित्र्य तपासायला मला वेळ कुठाय?’’ मग खुर्ची जवळ ओढून म्हणाल्या, ‘‘हा त्रास कुणालाही होतो. लग्न झालेल्या, न झालेल्या, म्हाताऱ्या, पोरीबाळी. बायकांची लघवीची वाट आखूड, जंतूंना वर चढायला वेळ लागत नाही. त्यात तुम्ही पाणी तोडलंत आणि लघवी धरून बसलात. वाहतं राहिलं की धुऊन जातं, साठलं की जंतूंचं फावतं.’’

‘‘मग यायचं कधी?’’

‘‘जळायला लागलं, सारखी लागायला लागली, की एक-दोन दिवसांत दाखवायचं. थंडीताप, कुशीत दुखणं, उलटी, लघवीत रक्त, यातलं एक जरी दिसलं तर त्याच दिवशी, हातातलं काम टाकून. बाई गरोदर असेल किंवा साखरेचा आजार असेल तर पहिल्या जळजळीलाच.’’

त्यातलं एक जरी. माझ्याकडे सगळी होती. मी त्यांना पिवळा दिवा म्हटलं, खुर्ची म्हटलं, काचेची फट म्हटलं.

१८ मार्च, मंगळवार

घरी आले. बाबांनी भात शिजवून ठेवला होता, जरा करपलेला. माझ्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला, पेला पालथा घातला. वर काय झालं ते मामांनी त्यांना सांगितलंय, पण किती सांगितलंय ते कळत नाही. बाबा माझ्या डोळ्यांत बघत नाहीत.

निघताना इस्पितळात पडद्याआड डॉक्टरीणबाई एका आजोबांना विचारत होत्या. ‘‘सुरू व्हायला वेळ लागतो? धार बारीक झालीय? रात्री उठावं लागतं?’’ आजोबा म्हणाले, ‘‘नळ सोडला की येते थोडी.’’ बाई म्हणाल्या, ‘‘आणि एक दिवस नळ सोडूनही येणार नाही, तेव्हा याल का? लवकर आलात तर गोळ्यांवर भागतं, आजोबा.’’

मी पिशवी घेऊन तिथंच उभी राहिले. आया म्हणाली, ताई, रस्ता सोडा.

किती दिवस ऐकतेय मी तो नळ? थंडीच्या आधीपासून. आणि दारावर थाप मारून धरणाचा विनोद केला.

२० मार्च, गुरुवार

आज यार्डात गेले. कामावर नाही, बोलायला. साहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला. मी चहा प्यायले, सगळा, आणि मागून पाणीही प्यायले.

दोनच गोष्टी मागितल्या. ड्यूटीच्या मधे एकदा हुक रिकामा ठेवून उतरायची सोय, तेवढ्यापुरता बदली माणूस. आणि क्रेनच्या पायथ्याशी एक स्वच्छतागृह, सगळ्यांसाठी.

साहेब वाईट माणूस नाही. हळहळले. म्हणाले, ‘‘ताई, तब्येत नाजूक असेल तर स्टोअरला देतो बदली. बसून काम आहे.’’

‘‘वरही बसूनच काम आहे, साहेब.’’

‘‘पण क्रेनची पद्धतच ती आहे. तो बघा.’’ भिंतीवर बाबांचा फोटो आहे. निवृत्त झाले त्या दिवशीचा, गळ्यात हार. ‘‘ते कधी उतरले? वरच्यांना काय सांगू मी? की वडिलांना जमलं, मुलीला जमत नाही? त्या दोघींचे अर्जही मग गेलेच समजा.’’

बाटलीचं वाक्य माझ्या ओठांवर आलं. पण फोटोतले बाबा हसत होते. त्यांच्या पाठीमागे कोण बोलणार ते?

बाहेर येऊन मामांना गाठलं. ‘‘तुम्ही सांगा ना साहेबांना.’’

मामांनी कानाला हात लावले. ‘‘मी? अगं, गुरू आहेत ते माझे. गुरूची बाटली मी ऑफिसात नेऊन ठेवू? त्यापेक्षा मला हुकाला लटकव.’’

‘‘मग मी रोज वर बसून काय करू?’’

मामांनी शिट्टी हातात घेऊन फिरवली. ‘‘ते स्वतः बोलले तर गोष्ट वेगळी,’’ म्हणाले. ‘‘पण ते बोलायचे नाहीत.’’

खरंय. बोलायचे नाहीत. सोमवारी मला कामावर हजर व्हायचंय. एक तर त्या काचेच्या खोलीत पुन्हा तहान दाबून बसायचं, नाहीतर स्टोअरला जाऊन त्या दोघींच्या शेजारी बसायचं, त्यांच्याकडे न बघता.

मी आज बाबांवर रागवायचा खूप प्रयत्न केला. ते एक वाक्य त्यांनी फाटकात उभ्या असलेल्या पोरीला सांगितलं, आणि पोरीनं ते चाळीस वर्षं जपलं. पण राग टिकत नाही. बाटली घेऊन वर चढणाऱ्या माणसानं लेकीला दुसरं काय सांगायचं? आणि ते खरं सांगायची सवय अशी मोडली, की आज घरात, स्वतःच्या बाथरूममध्ये, पोटच्या पोरीपासून ते नळाच्या आवाजात लपून बसतात. मी वर अडकले होते, ते खाली. दोघांनाही वाटत होतं, दुसऱ्याला काही लागत नाही.

दिवेलागण झालीय. आत नळ वाहतोय. बराच वेळ झाला.

वही मिटून उठणार आहे, आणि दारावर थाप मारणार नाही, नुसती बाहेर उभी राहणार आहे. ऐकू आलं नाही असं ते आधी दाखवतील. मग ओरडतील. मग म्हणतील, ‘‘माझा फोटो आहे तिथं.’’ नाहीच म्हणतील. तरी म्हणणार आहे:

‘‘बाबा, नळ बंद करा. उद्या सकाळी माझ्याबरोबर चला, आधी डॉक्टरीणबाईंकडे, मग साहेबांकडे. आणि दोन्हीकडे खरं सांगा.’’